एकत्र वाजवता येत नाही म्हणून

सांगलीत बसून विट्याच्या किंवा न्यू जर्सीच्या मुलाला व्हायोलिन शिकवायचं तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी लागते: आपल्याला त्याच्याबरोबर वाजवता येणार नाही. समोरासमोर बसलं की गुरू षड्ज म्हणजे सा लांबवतो, शिष्य त्याला आपला षड्ज भिडवतो आणि दोन्ही एक झाले की कानाला लगेच कळतं. इंटरनेटवर हे होत नाही. आपला स्वर तिकडे पोचून त्याचा स्वर परत यायला साध्या व्हिडिओ कॉलवर २०० ते ४०० मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अख्खी मात्राच ५०० मिलिसेकंदांची असते. अंतर ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की दोन वादक एकमेकांसाठी थांबत राहतात आणि लय खाली खाली येत जाते. महागडं कनेक्शन घेऊनही हे पूर्ण सुटत नाही.

माझी सगळी पद्धत या एका अडचणीतून निघाली आहे. जे एकत्र वाजायला हवं ते सगळं विद्यार्थ्याच्या खोलीत वाजलं पाहिजे. तंबोरा त्याच्याकडे, तबल्याचा ठेका त्याच्याकडे, मी रेकॉर्ड करून दिलेला पलटा म्हणजे सरावाची स्वरमालिकाही त्याच्याकडे. त्याच्या खोलीत एकत्र उमटलेलं सगळं माझ्यापर्यंत सारख्याच उशिराने येतं, त्यामुळे स्वर तंबोऱ्यात मिसळला का, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा गाठली का, हे मला नीट कळतं. तंबोरा माझ्या बाजूला लावला तर यातलं काहीच कळत नाही. नव्याने ऑनलाइन शिकवू लागलेले बरेच जण नेमकं इथेच चुकतात.

पहिल्या तासाच्या आठवडाभर आधी काम सुरू होतं, ते मापापासून. मुलाने डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ पसरायचा आणि पालकांनी मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेप धरायची. ५८ सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर फुल साइज, ५५ च्या आसपास थ्री-फोर्थ, ५१ ला हाफ, ४७ ला पाव साइज. शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या अंगाचं व्हायोलिन घ्यायचा मोह पालकांना होतोच. तो टाळायला सांगतो, कारण मोठ्या व्हायोलिनवर करंगळी पंचमापर्यंत पोचत नाही, मूल मनगट मोडून ती ताणतं आणि ते वळण पुढे वर्षभर निघत नाही.

कुरिअरने आलेल्या व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा, बहुतेक वेळा आडवी पडलेली असते. ती उभी करणं हे पालकांचं पहिलं काम, आणि ते मी कॉलवर करून घेतो. दोन्ही बाजूंच्या एफच्या आकाराच्या छिद्रांना आतल्या अंगाला बारीक खाच असते. त्या दोन खाचा जोडणाऱ्या रेषेवर घोडीचे पाय यायला हवेत. घोडीची उतरती बाजू बारीक तारेखाली. शेपटीकडची, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवलेल्या पट्टीकडची, तिची पाठ वरच्या फळीशी काटकोनात. तारा पिळताना घोडीचा माथा दर वेळी फिंगरबोर्डकडे (बोटं दाबतो त्या पट्टीकडे) थोडा थोडा ओढला जातो, म्हणून दर आठवड्याला घोडीचा बाजूने काढलेला एक फोटो मागवतो. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या चिमटीत माथा धरून हळूच मागे घ्यायची. हे केलं नाही तर एक दिवस घोडी फाडकन पडते.

आणि चारही तारा एकदम कधीही सैल करायच्या नाहीत. आत, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या जरा मागे, लाकडाची एक छोटी कांडी उभी असते, तिला साउंड पोस्ट म्हणतात. ती डिंकाने चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. तारांचा ताण गेला की पडते, आणि व्हायोलिन हलवलं की आत काहीतरी गडगडतं. तसा आवाज आला की तारा ताणायच्याच नाहीत, वरची फळी दबते किंवा चिरते. हे काम पडद्यावरून होण्यासारखं नाही. आपल्याकडे मिरज जवळ आहे, पण मिरज सतार-तंबोऱ्याचं गाव. व्हायोलिनची कांडी बसवणारा हात कुणाचा आहे, हे विचारूनच जावं.

आता तारा लावणं. यावर मी पहिले दोन तास पूर्ण घालवतो आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप होत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत तारा जी-डी-ए-ई अशा असतात. लहान मुलांना मी पांढरी एक (हार्मोनियमची ‘सी’ची पट्टी) हा षड्ज धरून, जाड तारेकडून बारीक तारेकडे, प-सा-प-सा लावायला देतो. मंद्र पंचम १९६ हर्ट्झ, म्हणजे जाड तार आहे तशीच राहते, षड्ज २६१.६, मधला पंचम ३९२ आणि तार षड्ज ५२३.३. दुसरी-तिसरी तार एकेक स्वर उतरते, बारीक तार दोन स्वर उतरते. कुठलीही तार चढवावी लागत नाही, त्यामुळे तुटण्याचं भय कमी, ताण सौम्य आणि मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, बोट मोकळं. सा-प-सा-प लावणारी घराणी आहेत, म-सा-प-रे अशी मूळची जुळणी ठेवून वाजवणारेही आहेत. आधीच्या गुरूंनी जे दिलं असेल ते मी बदलत नाही.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त तारा तुटतात, आणि कारण ठरलेलं आहे. फोनवरचं ट्यूनर ॲप मोठ्या अक्षरात ‘सी’ दाखवतं. त्याच्या शेजारचा बारीक आकडा, म्हणजे सप्तक, कुणी बघत नाही. शेजारी ४ लिहिलेल्या ‘सी’ला षड्जाची तार कधीच लागून गेलेली असते, पण पालकांची नजर हुकते, ते पुढच्या ‘सी’च्या शोधात खुंटी पिळत राहतात आणि ते वरचं सप्तक गाठायच्या आतच तार तुटून हाताला लागते. म्हणून मी प्रत्येक तारेचा मोकळा आवाज रेकॉर्ड करून आधीच पाठवतो आणि सांगतो, आधी कानाने जवळ आणा, मग ॲपकडे बघा. खुंटी फिरवताना नेहमी आधी किंचित खाली, मग वर, आणि फिरवतानाच आत दाबत. शेवटचा केसभर फरक शेपटीवरच्या छोट्या स्क्रूने काढायचा, खुंटीने नाही. ॲप लावलेलं असताना तंबोरा बंद ठेवायचा, नाहीतर ॲप तंबोराच मोजत बसतं. तंबोऱ्याचीही पट्टी तपासा; फोनवरच्या तंबोऱ्यात बऱ्याचदा काळी एक आधीच निवडलेली असते आणि मूल पांढरी एकचा पंचम तिच्याशी जुळवत बसतं.

झूमच्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं. ही सॉफ्टवेअर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत. सारखा चालणारा, न तुटणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर, असं समजून ती तो दाबून टाकतात. व्हायोलिनचा लांब षड्ज आणि तंबोरा नेमके तसेच असतात. मुलाने आठ मात्रा षड्ज धरला तर माझ्याकडे तीन मात्रांनंतर तो विरून जातो, आणि मला वाटतं त्याचा गज (तारेवरून फिरवायची केसांची काठी) संपला. उपाय सेटिंगमध्ये आहे: ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करायचं, त्यातलं ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ही, आणि एको कॅन्सलेशन बंद करत असाल तर हेडफोन लावायचे, नाहीतर माझा आवाज त्याच्या स्पीकरमधून पुन्हा माइकमध्ये शिरतो. साध्या वायरचे इअरफोन पुरतात. ब्लूटूथचे नकोत, ते आणखी उशीर वाढवतात आणि माइक चालू झाला की आवाजाची प्रत खाली आणतात. तंबोरा दुसऱ्या फोनवर लावून खोलीत मोकळा सोडायचा. मुलाने एकच इअरफोन घालावा, दुसरा कान खोलीसाठी ठेवावा.

आपल्याकडे मूल मांडी घालून बसतं, डावा पाय दुमडलेला, उजवा पुढे, व्हायोलिनचं वळणदार टोक उजव्या घोट्यावर टेकलेलं. या बैठकीत डाव्या हाताला व्हायोलिन पेलावं लागत नाही, म्हणून बोट तारेवर मनसोक्त घसरतं; मींडेचं सगळं शिक्षण या मोकळेपणावर उभं आहे. फोन आडवा ठेवायचा, मुलाच्या समोर पण जरा त्याच्या उजव्या अंगाला, पाच फुटांवर, व्हायोलिनच्या उंचीला. डब्याला टेकवलेला फोन घसरतो, स्वस्तातला ट्रायपॉड घ्या. गजाची दोन्ही टोकं चौकटीत दिसलीच पाहिजेत, चेहरा कापला गेला तरी चालेल. खिडकी मुलाच्या पाठीमागे नको. पंधरा मिनिटांनी फोन डाव्या बाजूला हलवायला सांगतो, तेव्हा अंगठा आणि मनगट दिसतं. त्याला पडद्यावर स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि मला सरळ, म्हणून ‘डावीकडे घे’ म्हणून उपयोग नाही. ‘घोडीकडे’, ‘फिंगरबोर्डकडे’, ‘जाड तार’, ‘बारीक तार’ एवढेच शब्द वापरायचे.

पहिला महिना गजाचा. डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवूच देत नाही. इथे पहिल्याच दिवशी पालकांचा फोन येतो की व्हायोलिन वाजतच नाही, परत करू का? व्हायोलिन बरं असतं. नव्या गजाच्या केसांना राळ लागलेली नसते आणि कोरा केस तारेवरून नुसता घसरतो. राळेची नवी वडीही काचेसारखी गुळगुळीत असते. बारीक पॉलिश पेपरने तिचा वरचा थर खरवडायचा, मग नव्या गजाला तीस-चाळीस वेळा पूर्ण लांबी फिरवायची. पुढे रोज चार-पाच वेळा पुरे. जास्त झाली तर तारांखाली पांढरी भुकटी साचते आणि आवाज खरखरतो. गजाचा स्क्रू इतकाच आवळायचा की मध्यावर काठी आणि केस यांच्यामध्ये एक पेन्सिल जेमतेम बसेल. वाजवून झालं की सैल. विसरलं तर काठीचा बाक जातो, आणि तो परत येत नाही. केसांना बोट लावायचं नाही. पुढे मींडेसाठी डाव्या बोटांना खोबरेल तेलाचा पुसटसा हात लावायला सांगतो, तेव्हा हा नियम आणखी कडक होतो, कारण तेल लागलेला केस राळ धरत नाही.

धडा साधा आहे. मोकळा षड्ज, साठच्या लयीत चार मात्रांचा एक गज, मग सहाचा, मग आठचा. आठ सेकंद गज न थरथरता जाऊ लागला की महिना कारणी लागला. टोकाकडे जाताना कोपर उघडण्याऐवजी मूल सगळा हात मागे ओढतं, गज तिरका होतो आणि फिंगरबोर्डवर घसरतो, आवाज पोकळ येतो. समोर असतो तर कोपराला बोट लावून सांगता आलं असतं. ऑनलाइनला मी मुलाला भिंतीशी बसवतो, उजवा खांदा भिंतीपासून वीतभर पुढे. हात मागे गेला की कोपर भिंतीला लागतं. भिंतच त्याला दर वेळी सांगते, मला ओरडावं लागत नाही.

दुसऱ्या महिन्यात फिंगरबोर्डवर टेप लावतो. बाजारात तयार स्टिकर मिळतात, ते फुल साइजचे असतात आणि हाफ व्हायोलिनवर चुकतात. त्यापेक्षा फुटपट्टी घ्या. वरच्या पट्टीपासून, जिथे तारा फिंगरबोर्डवर चढतात तिथून, घोडीपर्यंत अंतर मोजा. फुल साइजला ते साधारण ३२८ मिलिमीटर भरतं. त्याचा नववा भाग म्हणजे षड्जाच्या तारेवरचा रिषभ, ३६ मिलिमीटर. पाचवा भाग शुद्ध गंधार, ६५.५ च्या जवळ. चौथा भाग मध्यम, ८२. तिसरा भाग पंचम, १०९. व्हायोलिन कुठल्याही मापाचं असो, नऊ-पाच-चार-तीन हे भाग बदलत नाहीत. फक्त घोडी जागेवर असली पाहिजे. ती पाच मिलिमीटर सरकली की हिशेब कोसळतो. बोटाने दाबल्यावर तारेचा ताण किंचित वाढतो, म्हणून प्रत्यक्ष बोट टेपच्या केसभर अलीकडे पडतं.

टेप चारही तारांखालून आडवी जाते, यात एक अडचण आहे. पंचमाच्या तारेवर पहिल्या बोटाला धैवत येतो, आणि गंधाराशी जुळणारा धैवत तारेच्या दहाव्या भागावर असतो, नवव्या नाही. फुल साइजवर हा फरक साडेतीन मिलिमीटरचा आहे. मुलाला मी स्पष्ट सांगतो की टेप रिषभाची आहे, धैवताला बोट थोडं मागे. दहा वर्षांच्या मुलांनाही हे समजतं, फक्त कारण सांगावं लागतं.

ट्यूनर ॲप मी याच टप्प्यावर बंद करायला लावतो. तारा लावायला ते ठीक आहे, षड्ज-पंचमात त्याचा आणि आपला फरक दोन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), नगण्य. गंधारात मात्र ते हार्मोनियमसारखं समान अंतराने कापलेलं सप्तक मोजतं, आणि तंबोऱ्यात मिसळणारा शुद्ध गंधार त्यापेक्षा १४ सेंट उतरा असतो. तारेवर हे अंतर जवळजवळ दोन मिलिमीटर पडतं. ॲपचा हिरवा दिवा बघून बोट बसवलेलं मूल भूप राग वाजवतं तेव्हा गंधार सारखा वर टोचत राहतो, आणि त्याला वाटतं आपलं बरोबर आहे, कारण दिवा हिरवा होता. हे वळण काढायला सहा महिने जातात.

मग मुलाने स्वतःचं स्वतः तपासायचं कसं? व्हायोलिनच सांगतं. षड्जाच्या तारेवर करंगळीने पंचम लावायचा आणि शेजारची मोकळी पंचमाची तार सोबत वाजवायची. जुळला नसेल तर आवाजात डोल येतो, वँव-वँव असा. बोट हळू सरकवलं की डोल मंदावतो, मग थांबतो. पंचमाच्या तारेवर तिसऱ्या बोटाने षड्ज लावला की शेजारची षड्जाची मोकळी तार, तिला गज लागलेला नसतानाही, डोळ्यांना दिसेल अशी थरथरते. मुलाला कॅमेरा त्या तारेजवळ न्यायला सांगतो आणि बोट मुद्दाम थोडं पुढे-मागे करायला लावतो. तार थांबते, पुन्हा थरथरते. ‘आता मी काही सांगणार नाही, तार बघ,’ एवढंच बोलतो. माझ्या कानापर्यंत नेटमधून गाळून आलेल्या आवाजापेक्षा ही साक्ष जास्त खरी असते.

कॉलवर ऐकलेल्या लयीवरही मी निकाल देत नाही. नेट अडखळलं की सॉफ्टवेअर आवाज ताणतं किंवा आवळतं आणि मूल नीट वाजवत असूनही ठेका डळमळल्यासारखा वाटतो. आवाजाचं लहानमोठंपणही सपाट होऊन येतं. म्हणून दर दोन दिवसांनी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवतो. फोन तीन फुटांवर, तंबोरा चालू, आणि फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची. माइकचं बटण दाबून पाठवलेला व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी दाबलेला असतो, त्यात गजाची खरखर कळत नाही. उत्तर वेळेनुसार लिहितो: ‘०:१८ गंधार चढा, बोट टेपवर आहे, अलीकडे घे. ०:४१ टोकाला गज घसरला. १:०५ सा-प छान मिसळला, तिथे बोट कसं होतं ते आठव.’ शाबासकीलाही वेळ लिहायचीच, नाहीतर नेमकं काय बरोबर झालं ते मुलाला कळत नाही.

तासात मी एक ओळ वाजवतो, म्यूट होतो, दोन मात्रा सोडून तो वाजवतो. भूपापासून सुरुवात, कारण पाचच स्वर आणि गंधार पक्का करायला वाव. नंतर यमन. गायकी अंग (गळ्यासारखं वाजवणं) की तंतकारी (तंतुवाद्याच्या ढंगाने वाजवणं), हा प्रश्न लवकर आणू नये, पण मूल वर्षभर टिकलं की दोन्ही ऐकवतो. व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोग आपल्याच महाराष्ट्रातले, जन्म १९२२ चा. त्यांच्या गजातला छंद आणि तुकडे एकीकडे, आणि ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकलेल्या एन. राजम यांचं गळ्यासारखं लांब, न तुटणारं वादन दुसरीकडे. मुलांना फरक लगेच ऐकू येतो.

दिवसाचा आराखडा घड्याळं ठरवतात. सकाळी साडेसहाला न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे नऊ असतात, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आठ. हा बदल आधी कळवला नाही तर एक तास नक्की बुडतो. दुपार रेकॉर्डिंगं ऐकण्यात जाते. बारा मुलं असतील तर रोजचा तासभर तिकडे धरावाच लागतो, आणि फी ठरवताना तो धरायचा राहून जातो. संध्याकाळी तासगाव, विटा, जतची मुलं. वीज गेली की राउटर बंद पडू नये म्हणून त्याला छोटा बॅकअप लावलेला आहे. लहानांचा तास २५ मिनिटांचा, मोठ्यांचा ४०. त्यापुढे पडद्यावर कान टिकत नाही.

हवामानाचं वेगळं सांगतो, कारण एकच खुंटी वर्षात दोनदा उलट वागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात आणि रात्रीत चारही तारा उतरतात. खुंटी काढून तिला फळ्यावरचा खडू चोळायचा, पण एका वेळी एकच. जूनमध्ये पाऊस लागला की तीच खुंटी फुगून घट्ट बसते. जोर लावला तर डोकं मोडतं. तेव्हा खडू पुसून थोडा कोरडा साबण लावायचा. व्हायोलिन कपाटात, पेटीत, ओल्या भिंतीपासून लांब ठेवायचं. कारमध्ये कधीच नाही, उन्हात सरस सुटतो.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना दोन महिने आधीपासून जवळच्या तबलजीकडे आठवड्यातून एकदा बसायला सांगतो. माणूस समेला वजन देतो, वादकाकडे बघतो, जागा देतो. फक्त ॲपवर वाढलेल्या मुलाला ती नजर वाचता येत नाही, आणि हे मी सांगलीतून शिकवू शकत नाही. वर्षातून एकदा तरी मुलाने प्रत्यक्ष भेटावं हेही मी आग्रहाने सांगतो. उजव्या अंगठ्यात किती ताण आहे ते हात हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

टेप साधारण आठव्या-नवव्या महिन्यात काढतो, एकदम नाही. आधी पंचमाची, कारण तिला शेजारची मोकळी तार तपासते. मग मध्यमाची, त्याच जागेवर पंचमाच्या तारेवर षड्ज येतो, त्यालाही थरथरणारी तार आहे. मग रिषभाची. डिंक राहिला तर कोरड्या मऊ कापडाने चोळून काढायचा, स्पिरिट वापरलं तर व्हार्निश जातं. गंधाराची टेप शेवटी, कारण त्याला तपासणारी मोकळी तार नाही, तंबोराच आहे. मुलाला व्हायोलिन खाली ठेवायला सांगतो आणि नुसता तंबोरा ऐकायला लावतो, शक्यतो फोनच्या स्पीकरवर नाही, चांगल्या स्पीकरवर. जवारी लावलेला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज गुंजता केलेला, मिरजेचा खरा तंबोरा कुणाच्या घरी असेल तर त्याच्यासमोर. खर्जाची तार छेडल्यावर काही क्षणांनी, वर, बारीक, गंधार उमटतो. तो पहिल्या दिवशी सगळ्यांना ऐकू येत नाही. तीन-चार दिवसांनी कुणीतरी सकाळी मेसेज करतं, ‘सर, ऐकू आला.’ त्या दिवशी टेप काढायची.